मार्टिन पारच्या नावाला चिकटलेला वाद नेमका कुठून आला

डिसेंबर 2025 मध्ये ब्रिटिश फोटोग्राफर मार्टिन पार ब्रिस्टॉलच्या त्याच्या घरी वारला, वय 73, आणि श्रद्धांजल्या यायला लागल्या तशी जुनी भांडणंही परत वर आली. एक गट म्हणतो की गरिबांची टिंगल करून मोठा झालेला माणूस, दुसरा म्हणतो ब्रिटनला जसं आहे तसं दाखवणारा असा दुसरा झाला नाही. ही भांडणं चाळीस वर्षं जुनी आहेत पण ती कधी आणि कुठे सुरू झाली हे सांगायच्या फंदात कुणी पडत नाही, म्हणून हे लिहितोय. त्याचे फोटो कसे असतात ते सांगत बसत नाही, भडक रंग, भर उन्हात मारलेला फ्लॅश, चिकट हातातलं आईस्क्रीम, एवढं बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलंच असतं.

सुरुवातीचं पटकन उरकतो. जन्म 1952 चा, लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात एप्सम नावाचं गाव आहे तिथला, म्हणजे चांगलं खातंपितं मध्यमवर्गीय उपनगर. आजोबा तिकडे वर यॉर्कशरमध्ये राहायचे, ते हौशी फोटोग्राफर, आणि कॅमेऱ्याचं वेड त्यांच्याकडूनच लागलं. 1970 ते 1973 मँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये फोटोग्राफीचं शिक्षण. तेव्हा ब्रिटनमध्ये डॉक्युमेंटरी फोटोग्राफी, म्हणजे खऱ्या माणसांचं रोजचं जगणं टिपणं, म्हटलं की ब्लॅक अँड व्हाइट, गिरण्या, खाणी, धुरकट गल्ल्या, कष्टकऱ्यांचे चेहरे, ही परंपरा 1930 च्या दशकापासून चालत आलेली आणि तिच्यात सहानुभूती जवळपास सक्तीची होती. त्यात एक वेगळा माणूस होऊन गेला होता, साठच्या दशकाच्या शेवटी व्हॅन घेऊन इंग्लंडभर फिरला, समुद्रकिनारे, जत्रा, गावोगावच्या विचित्र प्रथा यांचे थोडे मिश्कील फोटो काढले आणि 1972 मध्ये तिशीतच ल्युकेमियाने गेला. पारवर सगळ्यात जास्त छाप त्याची, आणि हे पार स्वतः कायम सांगायचा.

कॉलेजात असतानाच उन्हाळ्यात त्याने यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या एका हॉलिडे कॅम्पमध्ये फोटोग्राफरची नोकरी केली, म्हणजे जेवणाऱ्या नाचणाऱ्या कुटुंबांचे फोटो काढायचे आणि त्यांनाच विकायचे. तिथे त्याला ती गडद रंगवलेली टुरिस्ट पोस्टकार्डं भेटली ज्यात आकाश अशक्य निळं असतं आणि फुलं अशक्य लाल. पुढे रंगांचं जे काही झालं त्याची मुळं इथे आहेत असं मानतात आणि मला ते पटतं. 1973 मध्ये त्याने आणि एका वर्गमित्राने मिळून सॅलफर्डमधली एक पाडायला काढलेली गल्ली घेतली आणि घराघरात जाऊन त्या त्या कुटुंबाला त्यांच्याच दिवाणखान्यात बसवून फोटो काढले. वॉलपेपर, शोपीस, सोफ्यावरचं कापड, सगळं स्पष्ट दिसेल असे. माणूस आणि त्याच्या वस्तू यांना सारखाच मान द्यायची ही सवय शेवटपर्यंत गेली नाही.

आता एक गोष्ट जी टीकाकार हमखास विसरतात. 1975 मध्ये तो यॉर्कशरच्याच हेब्डन ब्रिज नावाच्या गावात राहायला गेला. गिरण्या बंद पडत चाललेल्या, डोंगरावर मेथडिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाची लहान लहान प्रार्थनाघरं आणि त्यात उरलेली म्हातारी मंडळी. पुढची चार-पाच वर्षं तो आणि त्याची होणारी बायको त्या लोकांमध्येच वावरले, प्रार्थनेला जायचे, चहापानाला बसायचे, ती लिहायची आणि हा फोटो काढायचा, अर्थात ब्लॅक अँड व्हाइट. हे फोटो इतके मायेचे आहेत की नाव झाकून दाखवले तर पारचे म्हणून कुणी ओळखणार नाही. अडचण एवढीच की त्यांचं नीट पुस्तक आलं थेट 2013 मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत त्याच्याबद्दलची मतं पक्की होत होती तेव्हा हे काम बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नव्हतंच. हे क्रम उलटे आले असते तर पुढचा सगळा तमाशा जरा सौम्य झाला असता असं मला वाटतं, पण असो.

1980 मध्ये लग्न करून दोघं आयर्लंडच्या पश्चिमेला गेले. तिथे त्याने पाण्याखाली वापरायचा कॅमेरा घेऊन फ्लॅश मारत धो धो पावसातले फोटो काढले, थेंब भुतासारखे चमकतात त्यात, 1982 मध्ये त्याचं पुस्तक आलं. आणि त्याच वर्षी परत इंग्लंडला, या वेळी मर्सी नदीच्या मुखापाशी वॉलसी गावात. इथे खरी कथा सुरू होते.

रंगीत फोटो तेव्हा गंभीर कामात चालत नसत. जाहिरात, फॅशन, लग्नाचे अल्बम आणि पोस्टकार्डं यांच्यासाठी रंग, अशी समजूत. अमेरिकेत 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या म्युझियमने एका रंगीत फोटोग्राफरचं प्रदर्शन लावलं तेव्हा तिथेही शिव्या पडल्या होत्या, आणि ब्रिटनमध्ये तर पारच्या आधी रंगात काम केलेले अगदी मोजके, त्यातल्या एकाने 1979 मध्ये यॉर्कला प्रदर्शन केलेलं. पारने 1982 मध्ये ब्लॅक अँड व्हाइट सोडलं ते कायमचं. हातात आला प्लाउबेल माकिना नावाचा कॅमेरा, मीडियम फॉरमॅटचा म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या फिल्मचा, 6 बाय 7 सेंटीमीटरची निगेटिव्ह आणि 55 मिलिमीटरची वाइड लेन्स. वाइड लेन्स म्हणजे जवळ जावंच लागतं, लपूनछपून काम होत नाही. आणि वर भर दुपारी फ्लॅश. दिवसा फ्लॅश मारला की सावल्या जातात, कातडीचा लालपणा, प्लास्टिकचा चकचकीतपणा, केचपचा डाग, सगळं सारख्याच जोराने पुढे येतं आणि मागचं आकाश जरा काळवंडतं. फोटो थोडे उद्धट वाटतात ते या तंत्रामुळे, त्यात माणसांचा दोष काही नाही.

वॉलसीच्याच टोकाला न्यू ब्रायटन. लिव्हरपूलच्या समोर, नदीपलीकडे. एकेकाळी इथे ब्लॅकपूलच्या प्रसिद्ध मनोऱ्यापेक्षा उंच मनोरा होता, पहिल्या महायुद्धानंतर तो उतरवला, 1934 मध्ये भलामोठा उघडा पोहण्याचा तलाव बांधला, लिव्हरपूलकर बोटीने यायचे. मग 1971 मध्ये ती फेरी बंद, सत्तरच्या दशकाच्या शेवटी धक्काही पाडला. ऐंशीच्या दशकात लिव्हरपूल परिसरात बेकारी भयंकर, 1984-85 मध्ये देशभर खाणकामगारांचा संप. पण सुट्टीच्या दिवशी ऊन पडलं की लोक न्यू ब्रायटनला यायचेच, कचऱ्याचे डबे ओसंडून वाहत असले तरी. 1983 ते 1985 ही तीन वर्षं पार तिथे उन्हाळाभर फिरत होता, त्याच्या घरापासून हे फार लांबही नव्हतं.

त्यातला एक फोटो घेऊ कारण भांडण समजायला तो पुरे. सिमेंटच्या उतारावर एक बाई पालथी पडून ऊन खातेय, बाजूला लहान मूल, आणि त्यांच्या अगदी लगत जेसीबीसारख्या अवजड यंत्राचे लोखंडी पट्टे. वाळू नाहीच, सगळं काँक्रीट. एक माणूस हे पाहून म्हणेल की बघा किती गलिच्छ लोक, कुठेही लोळतात. दुसरा म्हणेल की सरकारने या किनाऱ्याची काय दशा केलीय बघा आणि तरी बाईने आपली सुट्टी सोडली नाही. फोटोत दोन्ही आहे. दुसरा फोटो आईस्क्रीमच्या काउंटरवरच्या मुलीचा, कमरेवर हात, समोर पोरांची गर्दी, आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघतेय, तुझं काय काम आहे इथे अशा चेहऱ्याने. टिंगल करणारा माणूस ही नजर पुस्तकात ठेवत नाही, निदान मला तरी असं वाटतं.

1986 च्या सुरुवातीला हे फोटो पहिल्यांदा लागले ते लिव्हरपूलमध्येच, आणि सोबत होते आणखी एका फोटोग्राफरचे, जो न्यू ब्रायटनमध्येच राहायचा आणि तिथल्याच माणसांचे फोटो वर्षानुवर्षं काढत होता. लिव्हरपूलमध्ये बोंबाबोंब झाली नाही. लोक आले, बघितलं, हो असंच आहे आपलं न्यू ब्रायटन, म्हणून गेले. त्याच वर्षी 40 फोटोंचं पुस्तक निघालं, द लास्ट रिसॉर्ट, आणि प्रदर्शन लंडनला गेलं, केन्सिंग्टन गार्डन्समधल्या गॅलरीत. आणि तिथे भडका उडाला. समीक्षकांनी लिहिलं त्याचा सूर असा की कष्टकरी वर्गाला आजवर डॉक्युमेंटरीवाल्यांनी मायेने वागवलं, याने त्यांना जाडे, बावळट, बेढब करून शहाण्यासुरत्या प्रेक्षकांपुढे हसायला ठेवलं. गंमत अशी की ज्यांचे फोटो होते त्यांच्या गावाशेजारी शांतता होती आणि अपमान झाल्याचं कळलं ते लंडनकरांना. पार स्वतः पुढे अनेकदा हेच म्हणाला, की लंडनच्या लोकांना उत्तरेत काय चाललंय याची कल्पनाच नव्हती म्हणून त्यांना धक्का बसला. थोडं सोयीचं उत्तर आहे हे मान्य, कारण प्रदर्शनाची जागा बदलली की फोटोचा अर्थ बदलतो हे फोटोग्राफरला आधीच माहीत असायला हवं. आणि सरेच्या सुखवस्तू घरातला मुलगा मर्सीकाठच्या गरिबांवर फ्लॅश मारतोय हे दृश्य काही लोकांना खुपणारच. पण सोबत प्रदर्शनात असलेल्या त्या दुसऱ्या माणसावर असा आरोप कधी झाला नाही, तो तिथलाच म्हणून. तेव्हा प्रश्न फोटोंपेक्षा फोटो कोण काढतोय याचा जास्त होता.

पारने याला उत्तर म्हणून केलं की नाही माहीत नाही, पण 1987 मध्ये ब्रिस्टॉलला गेल्यावर त्याने कॅमेरा सरळ स्वतःच्या वर्गावर रोखला. हुजूर पक्षाच्या बागेतल्या पार्ट्या, शाळांचे समारंभ, सुपरमार्केट, दिवाणखाने. 1989 मध्ये त्याचं पुस्तक आलं, द कॉस्ट ऑफ लिव्हिंग. त्यावर एवढा गदारोळ झाला नाही. मध्यमवर्गाला हसलं तर चालतं बहुतेक.

आता मुख्य प्रकरण. मॅग्नम. 1947 मध्ये युद्धाच्या फोटोग्राफरांनी स्थापन केलेली सहकारी संस्था, मालक फोटोग्राफरच, आणि आत घ्यायचं की नाही हे सभासद मतदानाने ठरवतात. आधी उमेदवार, मग सहयोगी, मग पूर्ण सभासद, अशा पायऱ्या, आणि पूर्ण सभासद व्हायला दोन तृतीयांश मतं लागतात. एकदा पूर्ण सभासद झालात की जवळपास जन्माचे. पार 1988 पासून आतल्या पायऱ्यांवर होता आणि 1994 मध्ये शेवटच्या पायरीचं मतदान आलं.

विरोधाचा पुढारी होता एक वेल्श फोटोग्राफर. साधा माणूस नव्हे, व्हिएतनाम युद्धावरचं त्याचं 1971 चं पुस्तक हे अमेरिकेतलं जनमत फिरवणाऱ्या पुस्तकांमध्ये धरलं जातं, आणि मॅग्नमचा तो ऐंशीच्या दशकात पाच वर्षं अध्यक्षही होता. त्याने सगळ्या सभासदांना पत्र पाठवलं. आशय असा की या माणसाबद्दल मला आदर आहे पण तो माझ्या सगळ्या श्रद्धांचा कट्टर शत्रू म्हणून, मॅग्नम ज्या मूल्यांवर उभी राहिली ती त्याने कायम झिडकारलीत, आणि ऐंशीच्या दशकातल्या पंतप्रधान थॅचरच्या धोरणांनी चिरडलेल्या लोकांनाच तो लाथा घालतो. फोटोंना फॅसिस्ट वळणाचे म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. वेल्श, डाव्या विचारांचा, युद्ध जवळून पाहिलेला माणूस, त्याच्या दृष्टीने फोटोग्राफी म्हणजे पीडितांची बाजू घेणं, त्यात विनोदाला जागा नाही असं नाही पण विनोद वरच्यांवर करायचा, खालच्यांवर नाही. ही भूमिका मला कळते. त्या पत्रातला राग खोटा नाही.

पण पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे फोटोत माणूस खाताना, घामेजलेला, विचित्र कोनात दिसला की त्याचा अपमान झाला. हा निकष लावला तर मग लोकांचे फक्त चांगले दिसणारे फोटो काढायचे, आणि गरीब माणूस फोटोत नेहमी गंभीर आणि दुःखी हवा. तेही एक प्रकारे त्यांना ठराविक चौकटीत कोंबणंच झालं की. शिवाय दुसरा मुद्दा पैशांचा आणि काळाचा होता जो पत्रांत आला नाही पण सगळ्यांच्या मनात होता. बातम्यांची मासिकं फोटोंसाठी पानं आणि पैसे देईनाशी झाली होती, टीव्हीने ते काम घेतलं होतं, आणि पारसारखी माणसं गॅलरी, पुस्तकं, जाहिरात, फॅशन अशा वाटांनी कमवत होती. जुन्यांना ती वाट म्हणजे बाटणं वाटत होती आणि नव्यांना तोच एक मार्ग दिसत होता. म्हणजे मतदान एका माणसावर होतं आणि भांडण संस्थेने पुढे काय व्हायचं यावर.

निकाल, पार एका मताने आत. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. विरोधक संस्था सोडून गेला नाही, पुढची चौदा वर्षं, 2008 मध्ये वारेपर्यंत, दोघं एकाच संस्थेत राहिले. आणि पार पुढे 2013 ते 2017 मॅग्नमचा अध्यक्ष झाला, ज्या खुर्चीत तो वेल्शमन बसला होता त्याच खुर्चीत. त्याच्या काळात तरुण आणि वेगळ्या पद्धतीने काम करणारी माणसं आत यावीत म्हणून तो धडपडला हे बहुतेक जण मान्य करतात.

याचाच शेपूट म्हणून 1995 चा किस्सा. पर्यटनावरचं त्याचं पुस्तक, स्मॉल वर्ल्ड, त्याचं प्रदर्शन पॅरिसला. मॅग्नमच्या संस्थापकांपैकी एक, तो जगप्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर, तेव्हा ऐंशीच्या पुढचा, बघायला आला आणि पारला तोंडावर म्हणाला की तू माझ्या सूर्यमालेतलाच नाहीस. पारने नंतर फॅक्स पाठवला, की तुम्ही आयुष्याचा उत्सव करता आणि माझ्या फोटोंत त्यावर टीका असते हे अंतर मला मान्य आहे, पण निरोप्याला का गोळी घालता. पुढे दोघांत समेट झाला. हा किस्सा इतक्यांदा सांगितला गेलाय की त्यात 1994 चं मतदान झाकलं जातं, खरं तर वजनदार गोष्ट मतदानाची होती.

यानंतरचं काम प्रचंड आहे, सगळं सांगण्यात अर्थ नाही. 1999 चं कॉमन सेन्स महत्त्वाचं, मॅक्रो लेन्स आणि लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश घेऊन अगदी जवळून काढलेले पदार्थ, नखं, टोप्या, उन्हाने भाजलेल्या माना, माणूस जवळपास गायब आणि उपभोग तेवढा उरलेला. साध्या कलर कॉपी काढून जगभरात चाळीसच्या वर ठिकाणी ते एकाच वेळी लावलं होतं. समुद्रकिनाऱ्यांची मालिका तर थांबलीच नाही, लॅटिन अमेरिका, चीन, जपान, आपला गोवाही त्यात आहे. गोव्याचे फोटो बघताना एक जाणवतं की तिथे तो जरा पाहुण्यासारखा वागतो, इंग्लंडमध्ये जी बोचरी धार असते ती परदेशात बोथट होते. घरच्यांवरच त्याची जीभ नीट चालायची. सोबत पोस्टकार्डं, थॅचरच्या बशा, सद्दाम हुसेनच्या चित्राची घड्याळं असलं काहीबाही गोळा करण्याचा नाद. आणि फोटोबुकांचा, म्हणजे फोटोग्राफरांनी काढलेल्या फोटोंच्या पुस्तकांचा इतिहास, एका लेखकासोबत तीन खंडांत, 2004, 2006 आणि 2014. फोटोग्राफीचा इतिहास भिंतीवरच्या प्रिंटांऐवजी पुस्तकांमधून बघायचा ही सवय जगाला लावण्यात या खंडांचा वाटा मोठा, आणि त्यात नाव आलं की जुन्या पुस्तकांच्या किमती आकाशाला भिडायच्या हाही त्याचा परिणाम.

आणि पुस्तकांनीच घात केला. 1969 मध्ये एका इटालियन फोटोग्राफरने लंडनवर पुस्तक काढलं होतं. 2017 मध्ये ते पुन्हा छापलं, पारची प्रस्तावना आणि पारचं नाव लावून. त्यात समोरासमोरच्या दोन पानांवर एका कृष्णवर्णीय बाईचा फोटो आणि पिंजऱ्यातल्या गोरिलाचा फोटो. 2019 मध्ये मानववंशशास्त्र शिकणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणीच्या हातात ते पुस्तक भेट म्हणून आलं, तिने प्रश्न विचारला, वर्षभर फारसं कुणी लक्ष दिलं नाही, ती पत्रकं घेऊन प्रदर्शनांबाहेर उभी राहिली. 2020 च्या उन्हाळ्यात वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनांनी वातावरण बदललेलं होतं. पारने माफी मागितली, पानं जोडीने बघितलीच नव्हती असं सांगितलं, पुस्तक बाजारातून काढून नष्ट करा असं प्रकाशकाला कळवलं, आणि ब्रिस्टॉलच्या नव्या फोटो महोत्सवाचं कलासंचालकपद सोडलं. इटालियन फोटोग्राफरची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं वेगळं, की तो स्वतः वंशभेदाविरुद्ध होता, फोटोतली बाईही तिकीट विकायच्या खोक्यात कोंडलेली आणि प्राणीही पिंजऱ्यात, समाजाने दोघांना पिंजऱ्यात घातलं हे त्याला दाखवायचं होतं. तो 2006 मध्येच वारलेला, त्यामुळे उत्तर द्यायला नव्हता, आणि पुस्तक नष्ट करा म्हणणं हे त्याच्यावर अन्यायाचं झालं असं म्हणणारेही पुष्कळ.

इथे माझी सहानुभूती आटते. 1986 मध्ये पारवर जे आरोप झाले ते त्याच्या स्वतःच्या फोटोंवर होते आणि त्या फोटोंकडे उत्तर होतं. इथे जगातला सगळ्यात मोठा फोटोबुक जाणकार, पान उलटलं की शेजारी काय येतं यावर आयुष्यभर बोललेला माणूस, आणि तो म्हणतो मी पाहिलंच नाही. पटत नाही असं नाही, घाईत प्रस्तावना लिहिली असेल, पण मग नाव कशासाठी लावलं.

शेवटच्या वर्षांत तो आजारी होता, 2021 मध्ये रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालं, त्याच वर्षी सरकारी किताबही मिळाला, आणि तरी वॉकर घेऊन फोटो काढत फिरायचा. त्याआधी 2017 मध्ये त्याने स्वतःच्या नावाची संस्था ब्रिस्टॉलमध्ये लोकांसाठी उघडली, तिथे त्याचं काम तर आहेच पण ब्रिटन आणि आयर्लंडच्या इतर डॉक्युमेंटरीवाल्यांचंही, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं अशांचं खास करून. त्याच वर्षी त्याची 12,000 फोटोबुकं लंडनच्या एका मोठ्या सरकारी संग्रहालयाकडे गेली, काही विकत आणि काही भेट म्हणून. लास्ट रिसॉर्टच्या नवनव्या आवृत्त्या निघतच आहेत.